बिनतारी तंत्र आणि नफ्याची तार

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते आणि मराठीचा अध्यापक असल्यामुळे परीक्षकाची खुर्ची बहुधा माझ्याच वाट्याला येते. यंदा वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला एक विषय असा होता : 'मोबाइल कंपन्या नवे बिनतारी तंत्रज्ञान तत्परतेने स्वीकारतात की नफ्यालाच अग्रक्रम देतात?' मुलांनी तयारी चांगली केली होती. एका पक्षाने वेगाचे पोवाडे गायिले. दुसऱ्या पक्षाने भांडवलशाहीला झोडपून काढले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या.

मात्र परंडा तालुक्यातून येणारी, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी या दोन्हींपैकी काहीच बोलली नाही. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम या तालुक्यांची काय अवस्था झाली, हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनीही वर्तमानपत्रांतून वाचले असेल. त्या दिवसांतली एक रात्र तिने सांगितली. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, नदीचे पाणी किती चढले ते कळायला मार्ग नाही. घरात हप्त्यांवर घेतलेला ५-जी फोन होता. त्याचा उपयोग विजेरीपुरता झाला. बातम्या सांगत होता तो आजोबांचा सेलवर चालणारा रेडिओ. "सर, त्या फोनात रेडिओच नाही," एवढे म्हणून ती थांबली. वेळ शिल्लक होता, तरी ती खाली बसली. विषयांतर झाले म्हणून मी तिचे गुण कापले. नियमाने ते बरोबरच होते. तरीही त्या रात्री घरी आल्यापासून मला वाटत राहिले आहे की, विषयावर बोलली ती एकटीच. हा लेख म्हणजे त्या कापलेल्या गुणांची भरपाई समजावी.

प्रथम विषयाच्या शब्दरचनेकडे पाहू. तो आपला धर्मच आहे. या वाक्याचा सगळा भार 'की' या अव्ययावर आहे. व्याकरणात आपण त्याला विकल्पबोधक उभयान्वयी म्हणतो. विकल्प म्हटला की दोहोंपैकी एक स्वीकारायचे आणि दुसरे सोडायचे. तत्परता आणि नफा या खरोखरच अशा परस्परांना वगळणाऱ्या गोष्टी आहेत काय? इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. नफ्यासाठी तत्परता दाखवल्याचे दाखले आहेत, तसेच नफ्यासाठीच विलंब केल्याचेही आहेत. म्हणून 'कंपन्या जलद की मंद' हा प्रश्न मला निष्फळ वाटतो. कोणत्या तंत्राच्या बाबतीत जलद, कोणत्या तंत्राच्या बाबतीत मंद, आणि त्या मंदपणाची किंमत कोण मोजतो, असे विचारले तर काही हाती लागेल.

तत्परतेचा दाखला आधी घेऊ. जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्या संमेलनाची धूळ खाली बसते न बसते तोच, फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, भारतीय बाजारात ५-जीचे पहिले फोन विक्रीसाठी जाहीर झाले. आणि ५-जीची सेवा देशात केव्हा सुरू झाली? १ ऑक्टोबर २०२२ रोजी. ज्या लहरींवर ही सेवा चालायची, त्यांचा लिलावच मुळी ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या दिवशी संपला. म्हणजे रस्ता बांधून होण्याच्या अडीच वर्षे आधीपासून लोकांना गाड्या विकल्या जात होत्या. याहून अधिक तत्परता कोणती असू शकते?

पण या तत्परतेचे अंतरंग पाहावे. ५-जी ही एकच लहर नाही. तिचे निरनिराळे पट्टे असतात. सातशे मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दूरवर पोचते, भिंतीतून आत शिरते, आणि म्हणून विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाला ती उपयोगाची. साडेतीन हजारांच्या आसपासची लहर वेगवान, पण तिचा पल्ला त्या मानाने आखूड. सुरुवातीला विकलेल्या फोनांपैकी अनेकांत मोजकेच पट्टे उघडे होते. खोक्यावर मात्र '५-जी' ही अक्षरे सगळ्यांच्याच होती. पुढे सेवा सुरू झाली तेव्हा आणखी एक गंमत उघड झाली. फोनात ५-जीचे यंत्र आहे, शहरात ५-जीची लहर आहे, पण आतली आज्ञावली अद्ययावत न केल्यामुळे कित्येक महागडे फोन ती लहर पकडतच नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांची बैठक बोलावली. ॲपलच्या फोनांना ही सोय त्या वर्षीच्या डिसेंबरात मिळाली. जे तंत्र दाखवून फोन विकायचा, ते विक्रीपूर्वी तत्परतेने आले. विकून झालेल्या फोनात तेच तंत्र चालू करायला मात्र बैठक लागली.

आता विलंबाचा दाखला. ॲपल ही या धंद्यातली सर्वांत नफ्याची कंपनी म्हणून ओळखली जाते. जून २००७ मध्ये तिचा पहिला आयफोन आला तेव्हा ३-जीचे फोन बाजारात होते, पण आयफोनात ३-जी नव्हते. ते जुलै २००८ च्या फोनात आले. ४-जी इतरांनी आधी आणले, आयफोनात ते सप्टेंबर २०१२ मध्ये आले. सॅमसंगने एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण कोरियात ५-जीचा फोन विकायला काढला. आयफोनाने ऑक्टोबर २०२० पर्यंत वाट पाहिली. तीन पिढ्या, तिन्ही वेळा उशीर, आणि तिन्ही वेळा उशिराने नफ्याला बाधा आली नाही. या उशिराला तांत्रिक कारणेही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्या पिढीच्या पहिल्या चिपा बॅटरी भराभर खातात, तापतात, जागा अडवतात. थांबणारा शहाणा ठरतो. पण मग शहाणपण आणि नफा एकाच वाटेने चालले होते, एवढेच सिद्ध होते. आमच्या स्पर्धेतल्या दोन्ही पक्षांना हा दाखला सारखाच अडचणीचा आहे.

तत्परता गरिबाच्या पथ्यावर पडल्याची उदाहरणेही आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. तिच्यात जुन्या पद्धतीचे संभाषणाचे जाळे नव्हतेच. बोलणेसुद्धा ४-जीच्या विदावहनातूनच व्हायचे. यालाच व्होल्टी म्हणतात. तोवर ४-जी म्हणून विकलेल्या अनेक फोनांत ही सोय नव्हती. ग्राहकांची रांग दिसली आणि व्होल्टी पाहता पाहता अगदी साध्या फोनांत आले. जुलै २०१७ मध्ये तर दीड हजार रुपये अनामत घेऊन मिळणारा ४-जीचा की-पॅड फोन जाहीर झाला. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत इंटरनेटचा प्रवेश या स्वस्ताईच्या लाटेत झाला आहे. ही किमया कोणत्याही सरकारी आदेशाने झालेली नाही, नफ्याच्या अपेक्षेनेच झाली. तेव्हा नफा हा शब्द शिवीसारखा उच्चारण्यात अर्थ नाही. आमच्या जिल्ह्याला तर तो अधिकारच नाही. येथून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर; पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, पैठणच्या बरोबरीने, या गावाचा उल्लेख आहे. येथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. गोरोबाकाकांचे तेर होण्याच्या कितीतरी आधी ते व्यापाऱ्यांचे तेर होते. व्यापाराने नवी वस्तू दूरदेशी नेली, नवी वस्तू घरी आणली. हे आम्ही दोन हजार वर्षे जाणतो.

मग तक्रार कशाची? तक्रार त्या तंत्राची, जे फोनात बसवता येते, फारसे महाग नाही, लोकांच्या उपयोगाचे आहे, पण ज्याच्या वापरातून नंतर कुणाला काही मिळत नाही. एफएम रेडिओ हे अशा तंत्राचे ठसठशीत उदाहरण. अनेक स्मार्टफोनांत वायफाय, ब्लूटूथ आणि एफएम ही तिन्ही कामे करणारी एकच चिप बसवलेली असे. ॲन्टेना म्हणून इअरफोनची वायर पुरे. म्हणजे फोनाला कान होता. तो उघडायचा की बंद ठेवायचा एवढाच निर्णय कंपनीच्या हाती होता. अनेकांनी तो बंद ठेवला. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोनातून इअरफोनचे छिद्र गेले आणि त्याच दिवशी त्याच कंपनीने वायरविना चालणारे, वेगळी किंमत मोजून घ्यायचे इअरफोन जाहीर केले. इतरांनी हा कित्ता गिरवला. छिद्र गेले, वायर गेली, आणि तिच्याबरोबर एफएमची ॲन्टेनाही गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एकामागून एक चक्रीवादळे आली. तेव्हा तिथल्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपलला फोनातला एफएम उघडण्याचे आवाहन केले. कंपनीचे उत्तर असे होते की, तिच्या नव्या फोनांत एफएमची चिपही नाही आणि ॲन्टेनाही नाही. उत्तर खरे होते. पण ते ऐकून मला आपल्याकडचा तो सावकार आठवतो, जो म्हणतो की कोठाराची किल्ली माझ्याजवळ नाही, कारण कोठारच मी पाडून टाकले आहे.

'वायर लागते म्हणून एफएम गैरसोयीचे' असा युक्तिवाद कुणी करील. तर त्याने आमच्या आठवडी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात यावे. दीड-दोन हजारांच्या कित्येक की-पॅड फोनांत इअरफोन न लावताही एफएम वाजते. ती सोय खोक्यावर ठळकपणे छापलेली असते. शेतात पाणी देणारा माणूस फोन खिशात घालून गाणी ऐकतो. जे दोन हजारांच्या फोनाला जमते, ते वीस हजारांच्या फोनाला जमत नाही, यावर विश्वास कसा ठेवावा? जमत नाही यापेक्षा परवडत नाही हे म्हणणे अधिक खरे आहे. आणि तेही तयार करण्याच्या खर्चामुळे नव्हे. एफएम ऐकणारा माणूस विदा खर्च करत नाही, वर्गणी भरत नाही, त्याच्या आवडीनिवडीची नोंद कुठे होत नाही. बाजाराच्या दृष्टीने तो ऐकतच नसतो.

आमच्याकडे हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि आसपासची गावे आमच्या जिल्ह्यातली. हजारो माणसे झोपेतच गेली. त्या दिवशी आमच्या आळीतले सगळे लोक घराबाहेर, मोकळ्या जागेत बसले होते आणि मध्ये एक रेडिओ ठेवलेला होता. कुणी रडत नव्हते, कुणी बोलत नव्हते. सगळे त्या पेटीकडे पाहत होते. माझ्या पिढीच्या मनात 'बातमी' या शब्दाला जे वजन आहे, ते त्या दिवशी आले. बत्तीस वर्षांनी परंड्याच्या त्या मुलीच्या घरात तेच दृश्य पुन्हा घडले. मधल्या काळात फोनाच्या चार पिढ्या होऊन गेल्या. त्या रात्री मात्र माणूस पुन्हा रेडिओपाशीच येऊन बसला. आकाशवाणी आता ॲपवरही ऐकता येते, असे कुणी सांगेल. येते, जाळे जिवंत असेल तर. गावाजवळचा टॉवर वीज नसल्याने मुका झाला की ॲपही मुके होते. रेडिओला गावात टॉवर लागत नाही. पन्नास-साठ किलोमीटरवरचे केंद्र चालू असले तरी त्याला पुरते.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने याच कारणासाठी मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना एक सूचनापत्र पाठवले. फोनात एफएमचे यंत्र असेल तर ते बंद करू नये, आणि नसेल तर शक्यतो बसवावे, असा त्याचा आशय. आपत्तीच्या प्रसंगी आणि गरीब, ग्रामीण माणसासाठी रेडिओचे महत्त्व त्यात मान्य केलेले होते. पण ते सूचनापत्र होते, नियम नव्हता. 'करावे' आणि 'केले पाहिजे' यांत किती अंतर आहे, हे मराठीच्या अध्यापकाला वेगळे सांगायला नको. विध्यर्थातल्या विनंतीवर बाजार हलत नाही.

नियम झाला की काय होते, तेही पाहू. एका टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी संदेश पाठवण्याचे 'सेल ब्रॉडकास्ट' नावाचे तंत्र जीएसएमच्या आरंभकाळापासून आहे. ज्यांनी २००० च्या आसपास मोबाइल वापरला त्यांना आठवत असेल : प्रवासात साध्या फोनाच्या पडद्यावर आपोआप गावाचे किंवा विभागाचे नाव उमटायचे. ते याच तंत्राने. पुढे तंत्र तसेच राहिले, उपयोग मात्र विसरला गेला. २०२३ मध्ये केंद्राने आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी या तंत्राची सोय फोनात असलीच पाहिजे असे नियम केले, आणि त्याच वर्षी देशभर चाचण्यांचे भोंगे वाजले. वर्गात एकाच क्षणी साठ फोन किंचाळले तेव्हा आपण सगळेच दचकलो होतो. पाव शतकाहून जुने तंत्र काही महिन्यांत जागे झाले. अडचण तंत्राची नव्हती.

आता आपल्या अंगणातला, म्हणजे भाषेचा, एक दाखला देतो. कारण हा अन्याय आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की तो आपल्याला दिसतही नाही. लघुसंदेशाची, म्हणजे एसएमएसची, लांबी ठरलेली आहे. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात; देवनागरीत ७०. कारण संदेशाच्या पाकिटाची जागा एकच असते, पण रोमन अक्षराला सात बिटे पुरतात आणि युनिकोडातल्या देवनागरीला सोळा लागतात. शिवाय मात्रा, वेलांटी, पायमोडणी या प्रत्येकाची मोजणी वेगळी. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात आपल्या डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. फोन मात्र अकरा मोजतो. रोमनमध्ये हाच शब्द बारा अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे १६० पैकी बारा, किंवा ७० पैकी अकरा. मराठी माणसाने आपल्या लिपीत लिहायचे ठरवले की त्याचे पाकीट निम्म्याहून लहान व्हायचे. ज्या काळात प्रत्येक संदेशाला पैसे पडत, त्या काळात एका अख्ख्या पिढीला 'तू कुठे आहेस' हे रोमन लिपीत लिहायची सवय लागली. आज आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेबाहेर देवनागरी लिहीत नाहीत म्हणून आपण हळहळतो. त्या सवयीच्या मुळाशी आळस असेल, इंग्रजीचा सोस असेल, पण हा हिशेबही आहे.

यावर उपाय नव्हता असे नाही. तुर्की भाषेच्या विशेष अक्षरांसाठी नवी कोष्टके मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकात घालण्यात आली, आणि तुर्कस्तानने आपल्या बाजारातल्या फोनांवर ती कायद्याने बंधनकारक केली. त्यापाठोपाठ भारतातल्या प्रमुख लिप्यांसाठी, देवनागरीसकट, अशीच कोष्टके मानकात आली. ती वापरली असती तर देवनागरी संदेशाची लांबी जवळजवळ रोमन इतकी झाली असती. कागदावर सगळे सिद्ध होते. पण फोन बनवणाऱ्यांनी आणि सेवा पुरवणाऱ्यांनी, दोघांनीही, ती कोष्टके भारतात रुजू दिली नाहीत. आजही एखादी पतसंस्था किंवा शाळा मराठीतून सामूहिक संदेश पाठवते तेव्हा हिशेब ७० चाच लागतो, आणि म्हणून कित्येक संस्था गुपचूप इंग्रजीकडे वळतात. तुर्कस्तानात कायदा होता म्हणून तंत्र फोनात उतरले. आपल्याकडे ते मानकाच्या पानांतच राहिले. मराठीतून लिहिणाऱ्याचे दोन संदेश लागत असतील तर ते एकात बसवण्याची घाई कुणाला असणार?

फोनांवर भारतीय भाषा दिसाव्यात म्हणून आपल्याकडेही २०१६ मध्ये अधिसूचना निघाली. बावीस भाषा वाचता याव्यात. इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत टंकलेखन करता यावे, अशी ती अट होती. तोवर साध्या फोनांवर मराठी संदेशाच्या जागी चौकोनांची रांग दिसे, हे अनेकांना आठवत असेल. चौकोनांची अक्षरे व्हायला सरकारी कागद लागला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

उत्पादकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. बिनतारी तंत्राची प्रत्येक पिढी शेकडो पेटंटांनी बांधलेली असते, आणि स्वस्त फोन बनवणाऱ्याला त्या पेटंटांचे मोल द्यावे लागते. २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सला याच कारणासाठी दिल्ली उच्च न्यायालयात खेचले होते. प्रत्येक नवी सोय म्हणजे नवी चाचणी, नवा खर्च, कदाचित नवे पेटंट. शिवाय सरकारचे घर नेहमीच आवरलेले असते असेही नाही. आपल्या 'नाविक' या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये क्वालकॉमने नाविकला ओळखणाऱ्या चिपा जाहीर केल्या आणि मार्चमध्ये मध्यम किमतीचे फोन त्या घेऊन आलेही. ज्यांना जाहिरातीत स्वदेशीचा टिळा लावायचा होता त्यांनी तत्परता दाखवली. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकार ही सोय सर्वांनाच सक्तीची करू पाहत असल्याची बातमी आली, तेव्हा मोठ्या कंपन्यांना खर्च आणि मुदत आठवली. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनाच्या महाग प्रतींत नाविक दिसू लागले. पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला नाविक मालिकेतला उपग्रह नियोजित कक्षेत पोचू शकला नाही. आकाशातले दिवेच अपुरे असतील तर फोन बनवणाऱ्याने कंदील का विकत घ्यावा, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नाही.

एवढी सगळी बाजू मान्य करूनही एक गोष्ट उरते. वर दिलेले दाखले एका ओळीत मांडून पाहावेत. ५-जी : नवा फोन विकला जातो, म्हणून सेवेच्या आधी हजर. व्होल्टी : रांग लागली, म्हणून हजर. सेल ब्रॉडकास्ट : नियम झाला, म्हणून हजर. मराठी अक्षरे : अधिसूचना निघाली, म्हणून हजर. एफएम : केवळ विनंती, म्हणून कंपनीच्या मर्जीवर. देवनागरी संदेशाची कोष्टके : ना रांग, ना नियम, म्हणून गैरहजर. यात तंत्राचा नवेपणा वा जुनेपणा कुठेच निर्णायक नाही. ज्याच्यामागे पुन्हा पैसे मोजणारा ग्राहक आहे ते तंत्र धावत येते; ज्याच्यामागे कायदा आहे ते चालत येते; आणि ज्याच्यामागे केवळ गरज आहे ते दाराबाहेर उभे राहते.

बिनतारी तंत्राच्या जन्माच्या वेळीच हा पेच उभा राहिला होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग केले. १९०१ मध्ये लंडनहून रवींद्रनाथ ठाकुरांना लिहिलेल्या पत्रात, एका धनाढ्य तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज घेऊन आपल्याकडे कसा आला आणि आपण त्याला कसा नकार दिला, हे त्यांनी कळवले आहे. पुढे हितचिंतकांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये त्यांच्या नावे अमेरिकेत एक पेटंट झाले, पण त्यातून धन मिळवण्याची त्यांनी फिकीर केली नाही. बोसांचा मार्ग सर्वांना झेपणारा नाही, आणि सगळेच बोस झाले असते तर कारखाने निघाले नसते, हेही खरे. तथापि हवेतून जाणारी लहर कुणा एकाच्या मालकीची नाही, ही त्यांची जाणीव आपण हरवून बसलो आहोत. लहरी सार्वजनिक आहेत. त्या वापरण्याची अनुमती सरकार आपल्या वतीने देते. मग त्या लहरी पकडणाऱ्या यंत्राकडून चार किमान गोष्टी मागण्याचा अधिकार आपल्याला का नसावा?

या मागण्या फार नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनात एफएम असावा, आणि ती सूचना न राहता नियम व्हावा. खोक्यावर '५-जी' लिहिताना कोणकोणते पट्टे चालतात आणि आज्ञावली किती वर्षे अद्ययावत केली जाईल, हे ग्राहकाच्या भाषेत, ठळक अक्षरांत लिहावे. देवनागरी संदेशाला रोमनच्या तोडीची जागा मिळावी, निदान सार्वजनिक संस्थांच्या संदेशांचा दर तरी समान असावा. यापैकी कोणत्याही मागणीने कुठल्या कंपनीचे दिवाळे निघणार नाही. व्यापाऱ्याने नफा मिळवू नये असे आपले म्हणणे नाही. पाणपोईची जागा सोडून दुकान मांडावे, एवढेच म्हणणे आहे.

आणि या सगळ्याशी साहित्याच्या वाचकांचा संबंध काय, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, आपण शब्दांची पारख करणारी माणसे आहोत, आणि आज समाजात सर्वाधिक वाचला जाणारा गद्यप्रकार म्हणजे जाहिरात. 'नवे', 'वेगवान', 'अखंड' या विशेषणांना आपण कवितेत जाब विचारतो. खोक्यावर मात्र ती निमूटपणे स्वीकारतो. जाहिरातीचा मजकूर वर्गात एकदा उताऱ्यासारखा वाचून पाहावा. त्यात काय म्हटले आहे यापेक्षा काय गाळले आहे, हे मुलांना शोधायला सांगावे. 'यात एफएम नाही' असे वाक्य त्यांना कुठेही सापडणार नाही. न लिहिलेले वाचणे हेच तर आपण शिकवतो.

स्पर्धेचा निकाल लागून गेला आहे आणि नियमाप्रमाणे तो बदलता येत नाही. पहिले पारितोषिक वेगाचा पोवाडा गाणाऱ्या मुलाला मिळाले. तो बोललाही छान. पण परंड्याच्या त्या मुलीला मी परवा बोलावून घेतले आणि सांगितले की तिचे विषयांतर झाले नव्हते, विषयच चुकीचा काढला होता. ती हसली. तिच्या आजोबांचा रेडिओ आता खरखरतो आणि त्याचा दुरुस्त करणारा माणूस गावात उरलेला नाही, असे तिने सांगितले. येत्या पावसाळ्याआधी नवा घ्यावा लागेल म्हणाली. घरात चार फोन आहेत.